साहेब, माझं काय कमी होतं?

ताई, नमस्कार.

मी वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात आहे. वय ३६. डिप्लोमा करून अप्रेंटिस म्हणून लागलो, दोन वर्षांपूर्वी मशीन शॉपचा सेक्शन इनचार्ज झालो. तिन्ही शिफ्ट धरून हाताखाली ४० जण. मूळचा बीड जिल्ह्यातला. जात लिहीत नाही, गावाचं नाव सांगितलं की तुम्ही ओळखालच.

आमच्याकडे भांडणं नाहीत. पण कॅन्टीनमध्ये टेबलं ठरलेली आहेत. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी ‘आडनाव काय, गाव कोणतं, पाहुणे कुठले’ एवढं विचारून होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल ठरतं. ठेकेदाराकडचा एक २४ वर्षांचा मुलगा आहे, त्याला सगळे ‘अब्दुल’ म्हणतात. त्याचं नाव ते नाही. झाडलोट करणारे मामा स्वतःचा ग्लास खिळ्याला अडकवून ठेवतात. बायका फक्त पॅकिंगला. एक फिटर १४ एप्रिलच्या सुमारास जोडून रजा मागतो, तेव्हा ‘झाली का डीजेची तयारी’ असं चालतं. मीही हसलोय.

मागच्या महिन्यात नव्या सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनच्या ट्रेनिंगला एक नाव द्यायचं होतं. मी माझ्या गावाकडच्या पोराचं दिलं. खरं तर त्या फिटरचा हात जास्त चांगला आहे. शिफ्ट सुटताना त्यानं विचारलं, ‘साहेब, माझं काय कमी होतं?’ मी ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालो आणि गाडीला किक मारली.

एचआरला सांगून या विषयावर एखादं व्याख्यान ठेवावं म्हणतो. वक्ता सुचवाल का? आणखी काय करता येईल?

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

भाऊ,

वक्ता सुचवत नाही. का, ते पुढे सांगते.

आधी एक कबुली. गाव न सांगता तुम्ही बीड जिल्हा एवढंच लिहिलंत, तरी माझं डोकं अंदाज बांधायला लागलंच. अठ्ठावीस वर्षं मी चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत कार्मिक विभागात काढली, आणि ही सवय काही गेली नाही. आपल्याकडे माणूस भेटला की त्याला कुठल्या तरी फडताळात ठेवल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. तेव्हा तुमच्या कॅन्टीनमधल्या पोरांवर मी फार चिडणार नाही. ती घरी शिकली तेच करतायत.

पण तुमच्या पत्रात एक गंमत आहे. टेबलं, ग्लास, टोमणे, पॅकिंग हे सगळं तुम्ही आधी लिहिलंत आणि सीएनसीची गोष्ट शेवटी. माझ्या लेखी ती पहिली आहे. बाकीच्या गोष्टी ‘लोक’ करतात. ती तुम्ही केलीत, सही करून. आणि ती करताना तुमच्या मनात त्या फिटरबद्दल वाईट काही नव्हतं, हेही मला मान्य आहे. तुम्ही त्याच्या विरोधात नव्हतात, तुम्ही फक्त ‘आपल्या माणसाच्या’ बाजूनं होतात. अडचण नेमकी तिथंच आहे.

‘आपला माणूस’ हे मराठवाड्यातलं फार मायेचं बोलणं आहे, मला ठाऊक आहे. दुष्काळात गाव सोडून वाळूजजवळच्या पंढरपूर-रांजणगावच्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदा राहायला आलेल्या पोराला आपल्या माणसानंच खोली दिली, ठेकेदाराकडे नेलं, पहिल्या पगारापर्यंत उधारीवर डबा चालू ठेवला. सरकार नव्हतं, ओळख होती. त्या ओळखीला मी नावं ठेवणार नाही. मात्र तीच ओळख सहीचा अधिकार हातात आल्यावर दार होते, आणि दाराबाहेर कोण राहिला हे आतल्याला दिसत नाही. शत्रुत्व करायला माणसाला थोडं तरी जागं राहावं लागतं. आपल्या माणसाचं भलं झोपेतही करता येतं.

आपल्याच मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर केलेला एक अभ्यास तुम्हाला सांगते. २००७ साली तो ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ६६ आठवडे अर्ज पाठवले, एकूण ४,८०८. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फरक फक्त नावात. कुठल्याही अर्जावर जात लिहिलेली नव्हती. नुसत्या आडनावावरून दलित वाटणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानानं साधारण दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची एक-तृतीयांश. त्या कंपन्यांमध्ये बसून कागद चाळणारी माणसं राक्षस नव्हती हो. तुमच्या-माझ्यासारखीच असणार.

माझ्यासारखी म्हणते, त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मी हेल्परच्या मुलाखती घ्यायची. पोरगा घाबरलेला असायचा, म्हणून त्याला मोकळं करायला मी विचारायची, ‘वडील काय करतात?’ मला तो आपुलकीचा प्रश्न वाटायचा. एका पोरानं सांगितलं, ‘ऊसतोड.’ मी कागदावर शेरा मारला : ‘टिकणार नाही, हंगामात जाईल.’ त्याला घेतलं नाही. तो दुसऱ्या एका कारखान्यात लागला आणि तिथं बारा वर्षं टिकला, हे मला फार उशिरा, एका लग्नात कळलं. पुढे याच प्रश्नावर संशोधन झाल्याचं वाचलं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांच्या एचआरवाल्यांशी बोलून लिहिलंय, की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं ते सांगत होते आणि त्याच दमात ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही विचारत होते. त्यात मी नव्हते, पण असते तर तेच बोलले असते.

आता व्याख्यानाचं. मी अशी तीन-चार ठेवलीत. बाहेरून वक्ते आले, समोसे-चहा झाला, हजेरीपत्रकावर सह्या झाल्या, एचआरच्या फायलीत फोटो लागला. दुसऱ्या दिवशी टेबलं तिथंच. उलट एक-दोघं म्हणाले, ‘बाई, आमच्यावर संशय आहे का तुमचा?’ हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत केलेव्ह, डॉबिन आणि केली या तिघांनी ७०८ खासगी आस्थापनांची तीसेक वर्षांची माहिती तपासली आणि २००६ साली मांडलं, की भेदभाव टाळायच्या नुसत्या प्रशिक्षणानं वरच्या जागांवर कोण बसतं हे चित्र जवळजवळ बदलत नाही. या कामाची जबाबदारी कुणावर तरी नावानिशी टाकली की बदलतं. तुमच्या सेक्शनमध्ये ते नाव तुमचं आहे. मनं बदलायच्या मागे लागू नका. आधी वह्या बघा.

वह्या म्हणजे कुठल्या? तुमच्या शॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेला असेल. गाड्यांच्या कंपन्यांना माल देणारा कारखाना त्याशिवाय ऑडिट पास होत नाही. डावीकडे नावं, वर मशीनं, आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचा गोल. एक भाग काळा म्हणजे शिकतोय, चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. मला हेही माहीत आहे, की बहुतेक ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या रात्री चहा पीत, अंदाजानं भरला जातो. तो खराखुरा भरा. प्रत्येकाला त्याच्या मशीनवर सेटिंग करायला लावा, पहिला पीस मोजा, ड्रॉइंग वाचायला द्या. तुमच्याबरोबर क्वालिटीचा एक माणूस घ्या. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण द्यायचे आणि ते लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आधी बोललं की मोठ्याचं मत छोट्याच्या कागदावर उतरतं, मग दोन परीक्षक असून नसून सारखेच.

मग पुढच्या ट्रेनिंगचं पत्र येण्याच्या आधीच नोटीस बोर्डावर लावून टाका : सीएनसीला जायला अमुक मशीनवर तीन भागांचा गोल, अमुक महिने अनुभव, ड्रॉइंग वाचन. नाव पाठवताना निकष लिहायला बसाल तर तुमचा हात तुमच्या पोराच्या मापाचेच निकष लिहील. शिंपी गिऱ्हाईक बघूनच कापड बेततो.

दुसरी वही ओव्हरटाइमची. ओव्हरटाइम म्हणजे दुप्पट दराचे पैसे, म्हणजे पोराची फी, म्हणजे गावाकडे पाठवायची रक्कम. गेल्या तीन महिन्यांचं मस्टर घेऊन एका रविवारी बसा. रविवारचा ओव्हरटाइम कुणाला किती वेळा मिळाला, सलग रात्रपाळी कुणाला लागली, बर (कापलेल्या धातूच्या खरबरीत कडा) काढायला आणि स्क्रॅप भरायला कुणाला पाठवलं, एवढं मोजा. नावं तुम्हाला पाठ आहेत, चित्र आपोआप दिसेल. पण एक सांगते, त्या कागदावर जातीचा रकाना काढू नका. असा कागद उद्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जातो आणि मग वेगळंच पेटतं. मोजून झाल्यावर कुणाला जाब विचारू नका, फक्त पुढच्या महिन्यापासून पाळी लावा आणि ती पाळी फळ्यावर दिसू द्या. लपवलेल्या पाळीवर कुणाचा विश्वास बसत नाही, ती कितीही सरळ असो.

टेबलांना हात लावू नका. जेवताना माणूस कुणाजवळ बसतो हे इनचार्जनं ठरवलं तर तो डबा घेऊन मशीनमागे जाऊन बसेल. त्याऐवजी कामाच्या जोड्या बदला. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या लीग भरवून एक प्रयोग केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. काही पोरांना आपल्याच जातीच्या संघात टाकलं, काहींना मिश्र संघात. मिश्र संघात एकत्र खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली, आपल्याच जातीला झुकतं माप देणं कमी झालं. मात्र दुसऱ्या जातीचे लोक समोर प्रतिस्पर्धी म्हणून आले, तेव्हा बहुतेक ठिकाणी उलटं झालं. आपल्या कारखान्यांत शिफ्ट विरुद्ध शिफ्ट, लाइन विरुद्ध लाइन अशी टार्गेटची चुरस लावायची फार हौस असते. एक लाइन सगळी एका गावाची आणि दुसरी दुसऱ्या, अशी जर रचना झाली असेल तर ती चुरस म्हणजे कारखान्याच्या पैशानं लावलेलं भांडण आहे. सेटअप बदलायला, कायझेनच्या (कामात लहान-लहान सुधारणा सुचवणाऱ्या) गटाला, पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) बसवायला माणसं मिसळून द्या आणि त्यांना दोघांनी मिळूनच संपेल असं काम द्या. टेबलं त्यांची ती हलतील. नाही हलली तरी राहू द्या.

झाडलोटीच्या मामांचा ग्लास मात्र या हिशेबात बसत नाही. त्यांना एकटं गाठून, चारचौघांत नाही, साधं विचारा : ‘मामा, हा ग्लास तुमच्या सोयीसाठी आहे, की कुणी ठेवायला सांगितला?’ ते ‘सोयीसाठी’ म्हणतील. बहुधा तेच म्हणतील. तुम्ही तरीही पाण्याजवळ सगळ्यांना सारखे स्टीलचे ग्लास ठेवा आणि पहिले दोन-चार दिवस मामांच्या नंतर त्याच ग्लासनं तुम्ही पाणी प्या. भाषण नको. आणि कुणी लावायला सांगितला असं निघालं, तर ती कारखान्याची रीत नव्हे, गुन्हा आहे. राज्यघटनेच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली, १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानं तिला शिक्षा ठेवली, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यावर आला. लोकांसमोर जातीवरून शिवी देणं या शेवटच्या कायद्यात बसतं, आणि शॉप फ्लोअर म्हणजे लोकच. अशी तक्रार आली तर ‘आपापसात मिटवून टाका’ हे शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नयेत. पुष्कळ इनचार्ज तिथंच घसरतात. त्यांना वाटतं आपण शांतता राखतोय.

टोमण्यांबद्दल. ‘डीजेची तयारी’ला तुम्ही हसलात, म्हणजे ते चालतं असा शिक्का बसला. आता एकदम कडक झालात तर ‘साहेबाला काय झालं’ होईल. म्हणून लहान सुरुवात करा. पुढच्या वेळी हसू नका, आणि ‘त्याची रजा मंजूर आहे, तुझा पीस मोजून झाला का?’ एवढं बोलून कामाकडे वळा. कुणी ‘उगं गंमत केली साहेब’ म्हणालं, तर ‘मला कळली, त्याला कळली का बघ’ म्हणा. रजेची भानगड तर वहीनंच सुटते : पोळा असो, ईद असो, १४ एप्रिल असो की गावची जत्रा, रजा महिनाभर आधी लिहायची आणि सगळ्यांना एकच नियम.

त्या ठेकेदाराकडच्या मुलाचं नाव विचारा आणि उद्यापासून त्या नावानं हाक मारा. मोठ्यानं, लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. यात आणखी काही करायचं नाही. एवढ्यानं पंधरा दिवसांत निम्मे लोक बदलतात, हे मी पाहिलेलं आहे. निम्मे बदलत नाहीत, हेही पाहिलेलं आहे.

तुमच्या सेक्शनचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असणारच. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारते. २०२३ पासून आरक्षणाच्या प्रश्नावर आपल्या भागात वातावरण तापलेलं आहे. बीड-जालन्याकडच्या गावांत एकमेकांच्या दुकानात न जाण्यापर्यंत गोष्टी गेल्याचं कानावर येतं, आणि ते सगळं संध्याकाळी ग्रुपवर येऊन पडत असेल. कुणाच्या मागणीत किती तथ्य आहे हा वाद शॉप फ्लोअरवर सुटणार नाही आणि सोडवायचाही नाही. ग्रुपवर फक्त शिफ्ट, रजा, मशीन. बाकी काही आलं तर ते कुणाच्या बाजूचं आहे हे न बघता पुसा. तुमच्या गावाकडच्या बाजूचं आधी पुसा.

बायकांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, मीही थोडक्यात सांगते. ‘जड काम आहे’ हे कारण असेल तर प्रत्येक कामाचं वजन किलोत लिहा. निम्म्या मशीनवर ते कारण टिकणार नाही. गेजवर तपासणी, प्रोग्राम बदलणं, टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) देणं यात जड काय आहे? आणि सारख्या कामाला सारखा पगार हे १९७६ पासून कायद्यात आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तुमच्याकडे तिची नावं कुठं लावलीयत, हे तुम्हाला न बघता सांगता येतं का?

आता तो फिटर. त्याच्याकडे जा, त्याला केबिनमध्ये बोलावू नका. माफीचा सोहळा करू नका. डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका, मग त्यालाच तुम्हाला धीर द्यावा लागेल. एवढंच सांगा : ‘तू विचारलंस तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुझ्यात काही कमी नव्हतं. निर्णय माझा चुकला. पुढची नावं या निकषांवर जातील, हा कागद.’ आणि कागद खरोखर हातात द्या. तो हसेल, गप्प राहील किंवा ‘बरं साहेब’ म्हणून मशीनकडे वळेल. त्याचा तुमच्यावर विश्वास बसायचा की नाही हे त्याच्या हाती राहू द्या. तुमच्या आधी चार साहेबांनी त्याला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हटलेलं असणार.

तुमच्या गावाकडच्या पोराचा यात काही दोष नाही, हे विसरू नका. त्याला मशीनवरून उठवून वगैरे फिल्मी न्याय करू नका. तो शिकून आलाय, चालवू द्या. चार महिन्यांनी त्याचीही परीक्षा त्याच कागदावर होऊ द्या. आणि त्याचे वडील किंवा तुमचे चुलते एखाद्या सकाळी फोन करतील, ‘धाकट्यालाही कुठं तरी चिकटवा की.’ तो फोन येणारच. ‘काका, जाहिरात निघाली की अर्ज पाठवायला सांगा, परीक्षा आहे,’ असं सांगा. काका चार दिवस रुसतील. माझे सासरे तर वर्षभर बोलले नव्हते.

एक राहिलं. त्या भिंतीवरच्या मॅट्रिक्समध्ये त्या फिटरच्या नावापुढचा गोल आज किती काळा आहे, ते उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जाऊन बघा. मला वाटतं तीन भाग तरी असेल, आणि तो तुम्हीच भरलेला असेल.